लिनक्स रिगवरचं मायनिंग शेल स्क्रिप्टने थांबवणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात मार्च संपत आला की रिगवाल्यांच्या, म्हणजे क्रिप्टो नाणी काढायला (मायनिंगला) खास संगणक लावणाऱ्यांच्या, प्रश्नांचा सूर बदलतो. हिवाळाभर सगळे हॅशरेट (मायनिंगचा वेग) कसा वाढवायचा ते विचारत असतात. उन्हं तापली की विचारतात, रिग दुपारी आपोआप आणि नीट बंद कशी करायची. मानेवाडा, त्रिमूर्तीनगर, वर्धमाननगर, कुठलाही भाग घ्या, बहुतेक रिग गच्चीवरच्या खोलीत नाहीतर जिन्याखाली असते आणि मे महिन्यात तिथे माणसालाही बसवत नाही. अशा सगळ्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढची बरीच उत्तरं तिच्यावर उभी आहेत. मायनर, म्हणजे मायनिंग करणारा प्रोग्रॅम, मारणं सोपं असतं. त्याला पुन्हा उठवणारा कोण आहे ते शोधून आधी त्याला थांबवणं, हे खरं काम.

आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या नेहमीच्या रोमन छोट्या अक्षरांत टाका.

मायनर किल केला तरी दहा सेकंदांत परत सुरू होतो. असं का?

कारण तो एकटा चालत नसतो. रिगवर मायनरला जिवंत ठेवणारं काहीतरी जवळपास नेहमीच असतं आणि ते तुम्हीच, किंवा तुम्हाला रिग बांधून देणाऱ्याने, लावलेलं असतं.

सर्वांत जास्त दिसतो तो स्टार्ट स्क्रिप्टमधला व्हाइल लूप: मायनर चालव, बंद पडला तर दहा सेकंद थांब, पुन्हा चालव. इंटरनेट गेलं किंवा ग्राफिक्स कार्ड अडकलं तर रिग रात्रभर रिकामी बसू नये म्हणून हा लूप लिहिलेला असतो. तुम्ही मायनर मारता तेव्हा लूपला तो अपघातच वाटतो आणि तो आपलं काम करतो. म्हणून आधी लूप चालवणारी शेल (आज्ञा वाचून चालवणारा प्रोग्रॅम) थांबवा, मग मायनर. क्रम उलटा झाला तर मधल्या दहा सेकंदांत नवा मायनर उभा राहतो.

दुसरा उठवणारा म्हणजे सिस्टमडी, लिनक्सवरच्या सर्व्हिस सुरू-बंद करणारा कारभारी. सर्व्हिस फाइलमध्ये रीस्टार्टसमोर ऑलवेज लिहिलं असेल तर मायनर कसाही मेला तरी उठवला जातो. ऑन-फेल्युअर लिहिलं असेल तर गंमत वेगळी आहे: टर्म सिग्नलने, म्हणजे ‘आवरतं घे’ अशा निरोपाने, गेलेली प्रोसेस (चालू प्रोग्रॅम) सिस्टमडी व्यवस्थित बंद झालेली मानतो आणि तिला उठवत नाही, पण किल -९ ने, म्हणजे जबरदस्तीने, मारलेली प्रोसेस त्याच्या हिशेबात बिघाड ठरते, म्हणून तिला तो पुन्हा सुरू करतो. एकाच रिगवर एकाला थांबवता येतं आणि दुसऱ्याला येत नाही, त्यामागे अनेकदा एवढंच असतं. सिस्टमसीटीएल स्टॉप दिलं की दोन्ही प्रकारांत सर्व्हिस थांबते आणि थांबलेलीच राहते.

तिसरा उठवणारा वॉचडॉग. मायनिंगसाठीच्या ऑपरेटिंग सिस्टमवर तो हॅशरेटकडे डोळा लावून असतो. हॅशरेट ठरलेल्या रेषेखाली गेला की मायनर नव्याने सुरू करतो, नाहीतर अख्खी रिग रीबूट करतो. म्हणून हाइव्हओएस या तशाच एका सिस्टमवर मायनर थेट किल करू नका, त्याचीच ‘मायनर स्टॉप’ ही आज्ञा द्या. सुरू करायला ‘मायनर स्टार्ट’. काही रिगना यूएसबीत खोचलेला छोटा हार्डवेअर वॉचडॉगही असतो आणि तो तर मदरबोर्डचं रीसेट बटणच दाबतो. तो कोणत्या खुणेवर चालतो हे माहीत करून घेतल्याशिवाय स्क्रिप्ट लावू नका.

चौथा क्रॉन, ठरल्या वेळी आज्ञा चालवणारा. दर पाच मिनिटांनी ‘मायनर चालू आहे का, नसेल तर चालू कर’ अशी ओळ क्रॉनटॅबमध्ये (क्रॉनच्या यादीत) असेल तर तुम्हाला वाटेल थांबला आणि चहा पिऊन याल तोवर पंखे पुन्हा गरगरत असतील.

नेमका कोण उठवतोय, हे कसं ओळखायचं?

पीग्रेपने मायनरचा पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) काढा आणि पीएसट्री -एस -पी समोर तो आकडा द्या. पहिल्या प्रोसेसपासून मायनरपर्यंतची सगळी वंशावळ एका ओळीत दिसते. मधे बॅश दिसला तर लूप आहे, स्क्रीन किंवा टीमक्स (टर्मिनल बंद केलं तरी काम चालू ठेवणारे प्रोग्रॅम) दिसलं तर कुणीतरी सेशन उघडून ठेवलं आहे. सिस्टमसीटीएल स्टेटससमोर थेट पीआयडी दिला तरी चालतं, ती प्रोसेस कोणत्या सर्व्हिसची आहे ते तो सांगतो. फार कमी लोकांना हे ठाऊक आहे. माझ्या मते रिगवरची सर्वांत उपयोगी आज्ञा हीच.

मायनर स्क्रीनमध्ये असेल तर स्क्रीन -एलएसने सेशनचं नाव बघा आणि त्या नावाला क्विट पाठवा. टीमक्समध्ये किल-सेशन.

सरळ किल -९ का नको? काम तर लगेच होतं.

होतं, पण अर्धवट. साधा किल म्हणजे सिग्नल १५, टर्म. तो प्रोसेसला सांगतो की आवरतं घे. चांगला लिहिलेला मायनर मग पूलशी, म्हणजे अनेकांचं मायनिंग एकत्र करणाऱ्या सर्व्हरशी, जोडणी तोडतो, लॉग पूर्ण लिहितो, कार्डाचे बदललेले सेटिंग पूर्ववत करतो आणि बाहेर पडतो. सिग्नल ९ प्रोसेसपर्यंत पोचतच नाही. कर्नल (लिनक्सचा गाभा) तिला जागच्या जागी संपवतो आणि आवरायची संधी उरत नाही.

एक्सएमरिग या मोनेरो नाण्याच्या मायनरचं उदाहरण घ्या. मोनेरो ३० नोव्हेंबर २०१९ पासून रँडमएक्स या अल्गोरिदमवर आहे आणि तो सीपीयूवर चालतो. वेग वाढवायला एक्सएमरिग सीपीयूचे काही एमएसआर रजिस्टर (आतली सेटिंग) बदलतो आणि नीट बंद केला तर जुनी मूल्यं परत लिहून जातो. किल -९ दिला की ती तशीच राहतात आणि मशीन रीबूट होईपर्यंत बाकीची कामं बदललेल्या सेटिंगवर चालतात. कार्डांच्या रिगवर तसाच प्रश्न पंख्यांचा. मायनरने पंख्याचा वेग हाताने ठरवून दिला असेल आणि तो आवरता न घेता मेला, तर पंखा त्याच वेगावर अडकून बसतो. वेग कमीवर अडकला आणि नंतर दुसरं काही त्याच कार्डावर चालवलं, तर कार्ड भाजतं.

किल -९ शेवटचा उपाय म्हणून ठेवा. टर्म द्या, थांबा, बघा, मगच ९.

थांबवायची स्क्रिप्ट नेमकी कशी लिहायची?

पंधरा-वीस ओळींत होते. क्रम असा ठेवा.

पहिली पायरी उठवणाऱ्याची. मायनर सिस्टमडीवर असेल तर सिस्टमसीटीएल स्टॉप आणि सर्व्हिसचं नाव; बहुतेक वेळा स्क्रिप्ट इथेच संपते. सिस्टमडी त्या सर्व्हिसच्या सगळ्या प्रोसेसना टर्म देतो, ठरावीक वेळ वाट बघतो आणि तरी कुणी उरलं तर स्वतःच किल देतो. ही वेळ मुळात ९० सेकंद असते आणि सर्व्हिस फाइलमध्ये टाइमआउटस्टॉपसेकने बदलता येते. रिगसाठी ३० पुरे.

लूप असेल तर स्टार्ट स्क्रिप्टमध्ये लूप सुरू व्हायच्या आधी शेलचा स्वतःचा पीआयडी एका फाइलमध्ये लिहून ठेवा. थांबवणारी स्क्रिप्ट ती फाइल वाचते. इथे घाई करू नका. रिग मधे रीबूट झाली असेल तर फाइलमधला जुना आकडा आता भलत्याच प्रोसेसला मिळालेला असू शकतो. म्हणून मारण्याआधी प्रॉकमध्ये (चालू प्रोसेसची माहिती दाखवणारा फोल्डर) त्या पीआयडीच्या फोल्डरातली सीएमडीलाइन फाइल वाचा, तिच्यात तुमच्या स्टार्ट स्क्रिप्टचं नाव आहे ना ते तपासा आणि मगच टर्म द्या. ही पीआयडी फाइल रन फोल्डरात ठेवली तर ती रीबूटनंतर आपोआप जाते आणि निम्मी चिंता मिटते.

लूप थांबला की मायनरला टर्म. त्यानंतर वाट बघणारा छोटा लूप: दर सेकंदाला किल -० देऊन प्रोसेस आहे का ते विचारायचं. सिग्नल ० काहीच मारत नाही, फक्त प्रोसेस आहे की नाही ते सांगतो. तीस वेळा विचारूनही ‘आहे’ असंच उत्तर आलं तर सिग्नल ९.

शेवटी तारीख, वेळ आणि निकाल लॉगमध्ये एका ओळीत लिहा. स्क्रिप्टचा एक्झिट कोड खरा ठेवा: थांबला तर ०, नाही तर १. उद्या हीच स्क्रिप्ट तापमानाच्या किंवा यूपीएसच्या स्क्रिप्टमधून बोलावाल तेव्हा तिला हा कोडच वाचायचा आहे.

पीकिल -एफ दिलं की माझी स्क्रिप्टच अर्ध्यात मरते.

स्क्रिप्टच्या फाइलच्या नावात मायनरचं नाव असणार. -एफ दिलं की पीकिल पूर्ण कमांड लाइनमध्ये शोधतो. तो स्वतःला वगळतो, पण त्याला बोलावणाऱ्या शेलला वगळत नाही. ‘स्टॉप-एक्सएमरिग’ नावाची स्क्रिप्ट एक्सएमरिग शोधायला निघाली की तिला स्वतःचंच नाव सापडतं. स्क्रिप्टला ‘दुपार-बंद’ असं काहीतरी वेगळं नाव द्या, किंवा -एफऐवजी -एक्स वापरून प्रोसेसचं नेमकं नाव जुळवा.

-एक्स वापरताना दोन गोष्टी सांभाळा. कर्नल प्रोसेसचं नाव १५ अक्षरांपर्यंतच ठेवतो, त्याहून लांब नाव दिलं तर जुळणारच नाही. आणि छोटी-मोठी रोमन अक्षरं वेगळी धरली जातात. लोलमायनरच्या नावात मधला ‘एम’ मोठा आहे, तो छोटा लिहिला की पीकिल काही न सापडता परत येतो.

स्टार्ट स्क्रिप्टला टर्म दिला, पण मायनर चालूच राहतो.

शेल एखाद्या प्रोग्रॅमची वाट बघत उभी असेल तर तो प्रोग्रॅम संपेपर्यंत तिचा ट्रॅप (सिग्नल आल्यावर काय करायचं ते सांगणारी ओळ) चालत नाही. मायनर तर कधीच संपणारा नाही, म्हणून तुमचा ट्रॅप कितीही नीट लिहिला असला तरी त्याची पाळी येत नाही. ट्रॅप नसेल तर शेल मरते आणि मायनर अनाथ होऊन चालत राहतो.

उपाय दोन. लूपची गरज नसेल तर शेवटच्या ओळीत मायनरच्या आधी एक्झेक लिहा. शेलच्या जागी मायनर येतो, पीआयडी तोच राहतो आणि सिग्नल थेट त्याला मिळतो. लूप हवाच असेल तर मायनर बॅकग्राउंडला टाका, त्याचा पीआयडी धरून ठेवा आणि वेट करा. वेट सिग्नल आल्यावर लगेच सुटतो, ट्रॅप चालतो, आणि ट्रॅपमध्ये मायनरला टर्म देऊन पुन्हा एकदा वेट करायचा, म्हणजे तो खरंच संपल्यावरच स्क्रिप्ट बाहेर पडेल.

दुपारी १२ ते ५ रिग बंद हवी. क्रॉन लावला, पण रिग संध्याकाळी बंद होते!

घड्याळ. रिगवरची ऑपरेटिंग सिस्टम बहुतेक वेळा यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) बसवलेली असते आणि आपण साडेपाच तास पुढे आहोत. तुमच्या क्रॉनमधले १२ म्हणजे नागपुरात संध्याकाळचे साडेपाच. ऊन उतरल्यावर रिग बंद होते, रात्री साडेदहाला सुरू होते आणि भर दुपारी पूर्ण जोरात चालते. टाइमडेटसीटीएलने टाइमझोन एशिया/कोलकाता करा आणि क्रॉनची सर्व्हिस रीस्टार्ट करा, कारण ती जुनाच टाइमझोन धरून बसलेली असू शकते.

क्रॉनचं आणखी एक: त्याच्या पाथमध्ये (आज्ञा शोधायच्या जागांच्या यादीत) मोजकेच फोल्डर असतात. टर्मिनलवर चालणारी स्क्रिप्ट क्रॉनमधून गप्प राहते ती यामुळे. प्रत्येक प्रोग्रॅमचा पूर्ण पत्ता लिहा. क्रॉनटॅबच्या ओळीत टक्क्याचं चिन्ह असेल तर त्याच्या आधी बॅकस्लॅश टाका, नाहीतर ओळ तिथेच तुटते.

फक्त ठरावीक तास मायनिंग करायचं असेल तर क्रॉनच्या दोन ओळींऐवजी टाइमआउट वापरून बघा. सहा तासांनी टर्म दे, तरी न गेल्यास तीस सेकंदांनी किल दे, एवढं सगळं त्याला एका ओळीत सांगता येतं.

तापमान बघून आपोआप बंद करता येईल का?

येईल, आणि नागपुरात वेळेपेक्षा तापमानावरच भर द्यावा असं मला वाटतं. २५ मेच्या सुमारास नवतपा लागतो तेव्हा रात्री दहालाही गच्चीवरची खोली भट्टीसारखी असते, आणि एखादा वळवाचा पाऊस झाला तर भर दुपारी दोनलाही रिग आरामात चालू शकते. घड्याळाला हे कळत नाही.

एनव्हीडिया-एसएमआय या कार्डांची माहिती देणाऱ्या आज्ञेला फक्त जीपीयूचं (कार्डावरच्या चिपचं) तापमान, सीएसव्हीत, मथळ्याशिवाय मागा. प्रत्येक कार्डाचा एक आकडा एका ओळीत येतो. स्क्रिप्ट दर मिनिटाला त्यातला सर्वांत मोठा आकडा घेते. ८० झाला की थांबवणारी स्क्रिप्ट बोलावते, आणि पुन्हा सुरू करते ती थेट ६० च्या खाली आल्यावर. या दोन आकड्यांत असं अंतर ठेवणं फार गरजेचं आहे. ८० ला बंद आणि ७९ ला चालू असं लिहिलंत तर रिग दिवसभर चालू-बंद होत राहील, आणि कार्डांवरच्या सोल्डरच्या टाक्यांना सततच्या उष्णतेपेक्षा असं वारंवार तापणं आणि निवणं जास्त जाचतं.

एनव्हीडिया आपल्या ३०८० कार्डासाठी ९३ अंशांची मर्यादा देते, मग ८० वरच का थांबायचं असं विचारतात. कारण हा आकडा चिपचा आहे, मेमरीचा नाही. जीडीडीआर६एक्स मेमरीची कार्डं मायनिंगमध्ये मेमरीवरच तापतात आणि लिनक्सवर जीफोर्स कार्डांच्या मेमरीचं तापमान एनव्हीडिया-एसएमआय सहसा दाखवत नाही. न दिसणाऱ्या गोष्टीसाठी हात राखून ठेवावा.

आणि हे विसरू नका: एखादं कार्ड बसवरून निखळलं तर आज्ञा आकड्याऐवजी त्रुटीचं वाक्य देते. स्क्रिप्टने आकडा आला नाही म्हणजे सगळं ठीक असं समजू नये. आकडा नाही, तर थांबव. दोन स्क्रिप्ट एकाच वेळी चालू नयेत म्हणून सुरुवातीला फ्लॉक लावा.

रिगसमोर कूलर लावला तर बंद करायची गरजच पडणार नाही ना?

एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत कूलर खोली खरंच थंड करतो, त्याबद्दल वाद नाही. पण रिगच्या तोंडावर लावू नका. आपल्याकडे कूलरला बहुधा बोअरचं पाणी असतं आणि ते जड असतं. त्याचे सूक्ष्म थेंब हवेबरोबर येतात, वाळतात आणि क्षार मागे सोडतात. उन्हाळा संपता संपता रायझरच्या (कार्ड मदरबोर्डला जोडणारी पट्टी) कनेक्टरवर पिठासारखा पांढरा थर दिसतो, नखाने खरवडला तर खरखरीत लागतो. पहिल्या पावसाने हवा दमट झाली की हाच थर ओल धरतो आणि मग कार्डं एकेक करून दिसेनाशी होतात. कूलर खोलीच्या दुसऱ्या टोकाला, रिग गरम हवा खिडकीबाहेर फेकेल अशी, आणि जुलैत कूलर पूर्ण बंद.

मधेच थांबवलं तर आतापर्यंतचं काम वाया जातं का?

नाही. मायनिंगमध्ये ‘निम्मं झालं’ असं काही नसतं. प्रत्येक हॅश स्वतंत्र प्रयत्न आहे, आधीच्या लाख प्रयत्नांनी पुढच्याची शक्यता वाढत नाही. पूलने स्वीकारलेले शेअर (केलेल्या कामाचे पुरावे) तुमच्या पत्त्यावर जमा राहतात. फार तर हातातला एखादा शेअर जातो. पुन्हा सुरू करताना कार्डांच्या मायनिंगला लागणारा डॅग हा डेटा किंवा रँडमएक्सचा सुमारे २ जीबीचा डेटासेट नव्याने बनतो, तेवढाच काय तो वेळ. पूल पैसे पाठवतो ती किमान रक्कम अजून जमली नसेल आणि महिनाभर बंद ठेवणार असाल तर पूलचा निष्क्रिय खात्यांचा नियम वाचून घ्या.

बंद न करता थोडा वेळ नुसता थोपवता येतो?

स्टॉप सिग्नल द्या, प्रोसेस गोठते. कंटिन्यू दिला की पुढे चालते. विजेचा वापर लगेच उतरतो, पण मेमरी अडकलेलीच राहते आणि काही वेळात पूल जोडणी तोडतो. मिक्सर आणि गिझर एकदम चालू झाल्याने एमसीबी पडत असेल तर दोन-चार मिनिटांसाठी ठीक. त्याहून जास्त वेळ हवा असेल तर नीट बंद करा.

किल -९ नेही जात नाही. आता?

पीएसमध्ये स्टेटचा रकाना बघा. झेड असेल तर ती प्रोसेस मेलेलीच आहे, फक्त तिच्या पालकाने नोंद घेतलेली नाही. पालकाला थांबवा, ती जाईल.

डी असेल तर गोष्ट गंभीर आहे. प्रोसेस कर्नलच्या आत, ड्रायव्हरच्या उत्तराची वाट बघत अडकली आहे आणि ते उत्तर आल्याशिवाय कोणताही सिग्नल तिला लागू होत नाही. डीमेसजी या आज्ञेने दिसणाऱ्या कर्नलच्या नोंदींत एक्सआयडी ७९ (ड्रायव्हरचा त्रुटी क्रमांक) आणि कार्ड बसवरून पडल्याची ओळ असेल तर रीबूटशिवाय मार्ग नाही. साधा रीबूटही त्याच प्रोसेसची वाट बघत अडकतो. तेव्हा कर्नलला थेट आज्ञा देणारा सिसआरक्यू वापरा: प्रॉकमधल्या सिसआरक्यू-ट्रिगर फाइलमध्ये रूट म्हणून आधी ‘एस’ लिहा, त्याने डिस्कवर लिहायचं राहिलेलं लिहून होतं, मग ‘यू’, त्याने डिस्क फक्त वाचण्यापुरती उरते, दोन-चार सेकंद जाऊ द्या आणि शेवटी ‘बी’. पहिली दोन अक्षरं गाळून थेट ‘बी’ लिहू नका, पेनड्राइव्हवर चालणाऱ्या रिगची फाइल सिस्टम त्याने बिघडू शकते. नंतर त्या कार्डाचा रायझर आणि पॉवर केबल तपासा, कारण हा दोष बहुधा तिथेच असतो.

लाईन गेली तर?

सहा कार्डांची रिग साधारण ९०० वॅट ओढते आणि घरचा इन्व्हर्टर तो भार झेलण्यासाठी नसतो. रिगला वेगळा, छोटा यूपीएस लावा, तोही मायनिंग चालवायला नव्हे, तर नीट बंद व्हायला मिनिटभर मिळावं म्हणून. यूपीएसच्या यूएसबी जोडणीवर नेटवर्क यूपीएस टूल्स बसवा आणि बॅटरीवर गेल्याची घटना घडताच वरची थांबवायची स्क्रिप्ट बोलवा. मायनर थांबला की भार एकदम खाली येतो आणि उरलेल्या बॅटरीत शटडाउन सहज होतं. मृगाआधीच्या वादळांत वीज दहा मिनिटांत तीनदा ये-जा करते, म्हणून परत सुरू करण्यापूर्वी वीस मिनिटं सलग वीज असल्याची अट स्क्रिप्टमध्ये घाला.

दुपारी बंद ठेवून बिलात फरक पडतो का?

गणित सोपं आहे. ९०० वॅट, २४ तास, म्हणजे दिवसाला २१.६ युनिट आणि तीस दिवसांचे ६४८. रोज सहा तास बंद ठेवली तर १६२ युनिट वाचतात आणि रिगचा आकडा ४८६ वर येतो. महावितरणच्या घरगुती दरांत ५०० च्या वरचा टप्पा सर्वांत महाग असतो, आणि त्यात घरचा वापर वेगळा मिळतो हे लक्षात ठेवा.

कमाईच्या बाजूलाही एक गोष्ट आहे. १ एप्रिल २०२२ पासून आभासी मालमत्तेच्या उत्पन्नावर ३० टक्के कर लागू झाला, आणि मायनिंगच्या यंत्रसामग्रीवरचा खर्च त्यातून वजा होणार नाही असं सरकारने त्याच वर्षी मार्चमध्ये संसदेत स्पष्ट केलं. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम मायनिंगवरून उठलं तेव्हापासून कार्डांच्या रिगचं उत्पन्नही आधीसारखं राहिलेलं नाही. तेव्हा ‘बंद ठेवली तर नुकसान’ असं मानण्याआधी एकदा कागदावर मांडून बघा. उन्हाळ्याच्या दुपारी चालू ठेवण्यातच नुकसान होतं, असं बऱ्याच जणांच्या लक्षात येईल.

मी मायनिंग करतच नाही, तरी सर्व्हर शंभर टक्क्यांवर आहे.

मग तुमच्या मशीनवर दुसरं कुणीतरी करतंय. कॉलेजच्या लॅब, छोट्या कंपन्यांचे क्लाउड सर्व्हर, बाहेरून उघडे राहिलेले डेटाबेस, सगळीकडे हे घडतं. इथे वरची स्क्रिप्ट तशीच चालवू नका, क्रम वेगळा आहे.

आधी मशीनचं नेटवर्क तोडा, पण मशीन बंद करू नका. मग पुरावे घ्या. प्रॉकमध्ये त्या पीआयडीच्या फोल्डरात ईएक्सई नावाची लिंक असते, ती मूळ फाइल कुठे आहे ते दाखवते. फाइल पुसून टाकलेली असली तरी प्रोसेस जिवंत आहे तोवर त्या लिंकमधून तिची प्रत काढता येते. हे झाल्यावर मारा.

२०२० पासून दिसणारा किन्सिंग हा मालवेअरचा प्रकार बघा म्हणजे उठवणारा किती महत्त्वाचा ते कळेल. त्यातला मायनर केडेव्हटीएमपीएफएसआय या नावाने चालतो. कर्नलच्या केडेव्हटीएमपीएफएस या खऱ्या थ्रेडला फक्त एक अक्षर जोडलेलं, घाईत कुणीही फसेल. लोक त्यालाच मारत राहतात आणि किन्सिंग नावाची दुसरी प्रोसेस त्याला उठवत राहते. तिलाही मारलं तर क्रॉनटॅबमधली ओळ दोघांना पुन्हा उतरवून आणते.

म्हणून सगळ्या युजरचे क्रॉनटॅब, क्रॉन.डी फोल्डर, सिस्टमडीच्या सर्व्हिस आणि टायमर, एसएसएचच्या ऑथराइज्ड-कीज फाइल आणि टीएमपी, व्हार-टीएमपी, डेव्ह-एसएचएम हे फोल्डर एकेक करून तपासा. टॉपमध्ये काही दिसत नाही पण मशीन तापलेलं आहे, असं असेल तर ईटीसीमधली एलडी.एसओ.प्रीलोड फाइल बघा. प्रोसेस लपवायला तिचा वापर होतो. रूट असूनही फाइल पुसता येत नसेल तर एलएसएट्रने बघा, तिच्यावर ‘आय’ हा गुण लावलेला असणार, तो सीएचएट्रने काढा. आणि शिरकाव कुठून झाला ते शोधा: कमकुवत एसएसएच पासवर्ड, ६३७९ पोर्टवर पासवर्डशिवाय उघडा रेडिस डेटाबेस, २३७५ वर उघडा डॉकर. रूटपर्यंत पोचल्याची शंका आली तर साफसफाईवर विसंबू नका, मशीन नव्याने बसवा.

रिगवाल्यांनीही हे मनावर घ्यावं. हाइव्हओएसचा सुरुवातीचा पासवर्ड नुसता १ असतो. तो न बदलता रिग इंटरनेटला उघडी ठेवली तर कुणीही आत येऊन वॉलेटचा पत्ता बदलतो: वीज तुमची, नाणी त्याची.

परवानगीशिवाय दुसऱ्याच्या मशीनवर मायनिंग करणं हा माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ आणि ६६ खाली गुन्हा आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. तक्रारीसाठी १९३० ही सायबर गुन्ह्यांची हेल्पलाइन. कंपनीचा सर्व्हर असेल तर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे कळल्यापासून ६ तासांत तिला कळवावं लागतं. हिंगणा असो की मिहान, छोट्या कंपन्यांनाही हा नियम आहेच.

खरंच थांबलं की नाही, हे कसं बघायचं?

वॅट बघा. प्रोसेसच्या यादीपेक्षा एनव्हीडिया-एसएमआयमधला वॅटचा रकाना खरं सांगतो. रिकामं कार्ड साधारण १०-३० वॅटवर उतरतं, शंभरच्या वर असेल तर काहीतरी चालू आहे. मग फ्यूजरने कार्डाच्या डिव्हाइस फाइल कोणी धरल्या आहेत ते विचारा.

एक्सएमरिग थांबवल्यावरही अडीच जीबी मेमरी वापरात दिसली तर घाबरू नका. ह्यूज पेजेससाठी १२८० ची मांडणी केलेली असते, प्रत्येक पान २ एमबीचं, ते मायनर गेल्यावरही राखून ठेवलेलं राहतं. सिससीटीएलने तो आकडा ० करा.

रिग कायमची बंद करून विकायची आहे.

सर्व्हिस आधी स्टॉप, मग डिसेबल. फक्त डिसेबल केलं तर चालू असलेला मायनर चालूच राहतो, आणि फक्त स्टॉप केलं तर घेणाऱ्याच्या घरी प्लग लावताच तो तुमच्या वॉलेटसाठी कामाला लागतो. क्रॉनटॅब रिकामा करा. हाइव्हओएसच्या रिग.कॉन्फ फाइलमध्ये रिगचा क्रमांक आणि पासवर्ड असतो, ती पुसा. तुमच्या खात्यातूनही ती रिग काढून टाका. स्टार्ट स्क्रिप्टमधला वॉलेटचा पत्ता, पूलचा पासवर्ड आणि एसएसएच कीज जायला हव्यात, त्यासाठी सर्वांत बरं म्हणजे डिस्कच पूर्ण पुसणं. एसएसडी असेल तर बीएलकेडिस्कार्ड काही सेकंदांत करतो, फक्त डिस्कचं नाव दोनदा वाचून मगच एंटर दाबा. कार्डांचा बायोस मायनिंगसाठी बदललेला असेल तर मूळ बायोस परत चढवा, प्रत्येक कार्ड मॉनिटरला लावून एकदा चालवून बघा आणि कोणत्या कार्डावर काय बदललं होतं ते घेणाऱ्याला लिहून द्या.